पुसायचं तर सगळ्यांना

कुंभकोणमला माझ्या घरमालकांची पूजा आटोपली की सगळ्या गल्लीला कळायचं. घंटेमुळे नव्हे, घंटा तिथे घरोघरी वाजते. यांच्या गॅरेजचं दार आपोआप वर जायचं, त्यावरून. तिकडे पुष्कळ लोक कपाटाची किल्ली जानव्याला बांधतात. आमचे घरमालक दाराचा रिमोट बांधायचे. देवापुढे साष्टांग नमस्कार घातला की पोट आणि फरशी यांच्यामध्ये रिमोटचं बटण दाबलं जायचं, आणि घराच्या दुसऱ्या टोकाला ते भलंमोठं पांढरं दार घरघर करत छताकडे निघायचं. दुसऱ्या नमस्काराला खाली यायचं. नमस्कार सम झाले तर दार बंद, विषम झाले तर उघडं. समोरच्या घरातली माणसं त्यावरून सांगायची, "आज काहीतरी मागितलंय वाटतं देवाकडे. एक जास्तीचा घातलाय."

मी त्यांची भाडेकरू. बँकेनं माझी बदली साताऱ्याहून थेट कावेरीकाठी केली आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मिळाल्या याचं कारण एकच, मी मराठी. तंजावरच्या राजांच्या काळात तिकडे गेलेल्या घरांपैकी हे एक घर. सगळे त्यांना अण्णा आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागले. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी बखर उघडून मोठ्यानं वाचतंय. "मज ठाव नाही", "कोठे गेली होतीस गे", आणि 'आहे'च्या जागी सरसकट 'अहे'. माझी मराठी ऐकून त्यांना काय वाटलं ते त्यांनी तोंडावरच सांगितलं. "फार घाईची अहे तुमची भाषा. गाडी चुकणार असल्यागत बोलता."

तर ते दार. अमेरिकेतल्या मुलानं आणून बसवून दिलेलं. मुलगा परत गेला, दार राहिलं, आणि अण्णांच्या आयुष्याला नवं वळण लागलं. आयुधपूजेला त्यांनी छतावरच्या मोटरीला गंध लावलं, लिंबू बांधलं, आणि प्रत्येक रिमोटच्या बटणावर चंदनाचा ठसठशीत टिळा दिला. चंदन वाळल्यावर बटणं आत गेली ती गेलीच. दसऱ्याचा सगळा दिवस दार वर-खाली करत होतं. अण्णा खुर्ची टाकून समोर बसले होते आणि काकूंना सांगत होते, "पाहा, प्रसन्न झालंय."

ते दार म्हणजे एक सीमा होती. बाहेर तमिळ, आत मराठी. हा अण्णांचा कायदा. गाडी घेऊन गल्लीत शिरले की ते कुणाशी तरी तमिळमध्ये भांडत असायचे, दार उघडायचं, गाडी आत यायची, दार खाली येऊ लागायचं आणि ते जमिनीला टेकलं की भांडणाचं उरलेलं वाक्य मराठीत. ऐकणारा तोवर बाहेर राहिलेला असायचा, पण त्याची अण्णांना फिकीर नव्हती. इंग्रजीला तर आत मज्जावच. मी एकदा 'प्रोग्रॅम' म्हणाले तर त्यांनी कानावर हात ठेवले. "मराठी घरात मराठी शब्द नाही काय गे तुज?" मी म्हटलं, "आणि रिमोट काय, ज्ञानोबांचा आहे?" त्यावर विचार करून ते म्हणाले, "तो पाहुणा अहे. पाहुण्यास घालवत नाहीत."

हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा या कायद्यानं केला.

रिमोट देण्याचा सोहळा पाहण्यासारखा असे. अण्णांकडे जादा रिमोट होते आणि ज्याच्यावर विश्वास त्याला ते एक देत. घरात शिरायची सोय म्हणून नव्हे, मान म्हणून. रोज सकाळी फुलं आणणारी बाई, कॉफीची पूड दळून देणारे दुकानदार, एकादशीच्या भजनाला इन्नंबूरहून येणारे वयस्क मृदंगवाले आणि शेवटी मी. विड्याच्या पानांवर रिमोट ठेवून तबकातून द्यायचे. मग दीक्षा. मोटर छताला टांगलेली, तिच्या पाठीवर एक बारीक बटण. अण्णा शिडी चढणार, बटण एकदा दाबून सोडणार, शेजारचा इवलासा दिवा लागणार. तो दिवा थोडाच वेळ जळतो. तेवढ्यात खालच्यानं आपल्या रिमोटचं बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की मोटरीनं त्याला ओळखलं. मग पुन्हा दाबलं की दार हलतं. फुलवाल्या बाईनं दिवा लुकलुकल्यावर चक्क मोटरीला हात जोडले होते. अण्णा वरून आशीर्वाद दिल्यासारखा हात करून म्हणाले, "आता तू घरची."

यातून एक भाषा तयार झाली होती. रिमोटांना आम्ही माणसांच्याच नावानं ओळखायचो. "फुलवाली अडकते गे आजकाल." "मृदंगवाल्यांचा सेल गेला." "कॉफीवाले पाण्यात पडले, तांदळात ठेवलेत." अनोळखी माणसानं ऐकलं असतं तर त्यानं या घराच्या चौकशीला पोलिस आणले असते.

आता धाकटे. धाकटे म्हणजे अण्णांचे सख्खे भाऊ. राहायचे तिरुभुवनमला, रेशमी साड्यांच्या व्यवहारात होते. पहिला रिमोट त्यांचाच. पण मी तिथे राहायला गेले तेव्हा दोघांचं बोलणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं. कारण ऐका. एकादशीचं भजन गॅरेजमध्येच व्हायचं, गाडी रस्त्यावर काढून. धाकट्यांनी एक अभंग उचलला तो जरा चढ्या सुरात. अण्णांनी भर भजनात हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, "सूर खाली घे." धाकट्यांनी सूर खाली घेतला नाही. झांजा खाली ठेवल्या, चपला घातल्या आणि गेले. संपलं. यावर दोन वर्षं.

पण रिमोट त्यांच्याकडेच होता. रोज दुपारी कामासाठी ते मोपेडवरून गावात येत आणि मुद्दाम या गल्लीतून जात. न थांबता, न बघता, खिशातल्या खिशात बटण दाबत. आत अण्णा आरामखुर्चीत दुपारची डुलकी घेत असायचे. दार घरघरत वर जायचं आणि सगळ्या गल्लीला अण्णांचं दर्शन व्हायचं, तोंड उघडं, पाय गाडीच्या बंपरवर. मोपेड तोवर कोपऱ्यावर. अण्णा उठून रस्त्यावर यायचे आणि तमिळमध्ये अशी काही सरबत्ती करायचे की कॉफीवाल्यांनी एकदा आपल्या गिऱ्हाइकाला थांबवून म्हटलं, "जरा थांबा, हे ऐकून घ्या, असं पुन्हा कानी पडत नाही."

काकू वैतागल्या होत्या. "काढून टाक बाई त्याचं नाव त्या मोटरीतून," असं त्या मला रोज सांगायच्या. मी बँकेतली, म्हणजे मला यंत्र कळतं, हा त्यांचा समज. मी मात्र एक पाहिलं होतं. रविवारी मी घरी असे. अण्णा डुलकीला बसण्याआधी इस्त्रीचा सदरा घालायचे. गंध नीट करायचे. खुर्ची दारासमोर बरोबर मधोमध आणायचे. आणि एकदा धाकट्यांना ताप आला होता तेव्हा तीन-चार दिवस दार उघडलं नाही, तर अण्णांनी त्या दिवसांत जेवण अर्धं टाकलं. कुणावर वैतागलेला माणूस असा सजून बसत नाही. हे मी काकूंना बोलले नाही. मज्जा बघत होते म्हणा ना. वर 'पुस्तिका वाचून बघते' असा शब्दही त्यांना देऊन ठेवला होता.

मग बातमी आली. मृदंगवाल्यांनी आणली. धाकटे तिरुभुवनमचं घर आवरून मुलाकडे बंगळूरला चालले. येत्या एकादशीनंतर लगेच. अण्णांनी ऐकलं आणि गाडीभोवती फेऱ्या मारायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर त्यांचे डोळे सुजलेले होते. वर म्हणतात कसे, "कांदा चिरला." कांदा त्या दिवशी घरात नव्हता, एकादशी जवळ आली होती.

नेमका त्याच आठवड्यात, रविवारी माझा अभ्यास पुरा झाला. मोटरीबरोबर आलेली पुस्तिका मी वाचून काढली होती आणि काकूंना दिलेला शब्द पाळायला गॅरेजमध्ये उतरले. अण्णा गाडीला टेकून उभे. त्यानंतर आमच्यात जो संवाद झाला तो मी जसाच्या तसा देते. तुम्ही न्याय करा.

मी म्हटलं, "अण्णा, धाकट्यांचं काय करायचं ते मला कळलंय."

ते दचकले. "काय कळलंय तुज?"

"पुसायचं. पण एक अडचण आहे. एकट्या धाकट्यांना पुसता येत नाही. पुसायचं तर सगळ्यांना पुसावं लागतं."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "ती अडचण कशी गे? रीतच ती. एकास पुसलं आणि दुसऱ्यास नाही, तर दुसरा म्हणेल, मज कां पुसलं नाहीस."

मला वाटलं, केवढा समजूतदार माणूस. "मग फुलवाली, कॉफीवाले, मृदंगवाले, सगळे?"

"सगळे. आणि त्यासही पुस."

"नक्की ना? मागाहून म्हणाल, का पुसलंस."

"दोन वर्षं मनात अहे, पुसावं म्हणून. मज जमत नाही. जीभ उचलत नाही."

जीभ कशाला लागते, असा विचार माझ्या मनात आला खरा, पण गेला. "एकदा सगळ्यांना पुसलं," मी म्हटलं, "की मग ज्याला हवं त्याला पुन्हा जोडून घेता येतं."

अण्णांनी उपरण्यानं डोळे टिपले. "जोडून घ्यायचं. होय गे. त्यासाठीच तर पुसायचं."

"मग आत्ताच पुसते."

"आत्ता? येथूनच?"

"इथूनच. एक बटण तर दाबायचं."

"दाब," अण्णा म्हणाले, आणि लगबगीनं आत गेले, काकूंना सांगायला.

मी शिडी लावली, चढले, मोटरीच्या पाठीवरचं बारीक बटण दाबलं आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबूनच धरलं. दिवा लागला, जळत राहिला आणि विझला. झालं. मोटरीच्या स्मरणातून सगळं गणगोत साफ.

खाली उतरते तो काकू स्वयंपाकघरातून आल्या. हातात तांदळाचं पातेलं, चेहरा लग्नघरातला. मागे अण्णा, दाराआड अर्धे लपलेले.

"पुसलंस?" काकू म्हणाल्या.

"पुसलं."

"मग? धाकटा काय म्हणाला?"

"धाकटे काय म्हणणार?" मी म्हटलं. "दिवा विझला."

काकूंच्या हातचं पातेलं खाली. तांदूळ गॅरेजभर. अण्णा गाडीच्या बॉनेटवर बसले, बसले म्हणजे कोसळलेच, आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. "केव्हा?"

"आत्ता. मीच तर दाबून धरलं."

यावर काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आजवर मला कुणी पाहिलेलं नाही.

उलगडा व्हायला वेळ लागला. तंजावरच्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं. अजूनही. आपल्याकडेही जुनी माणसं म्हणायची की, "कोणाला पुसून गेलास?" अण्णांच्या तोंडून हा शब्द मी दहादा ऐकलेला. भाजीवाल्यास पुस, डॉक्टरास पुस. पण समोर मोटर, डोक्यात रिमोट, आणि इंग्रजी शब्द वापरायला बंदी. मी 'इरेज' म्हणाले असते तर अण्णांनी फक्त कानावर हात ठेवले असते. त्यांना वाटलं, मी भजनाचं आमंत्रण द्यायला सगळ्यांना विचारणार आहे, फोनचं बटण दाबून, धाकट्यांना सगळ्यांत आधी.

मी मोटरीकडे बोट करून काय झालं ते समजावलं. अण्णा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आज दुपारी तो येईल. दाबेल. आणि दार उघडणार नाही."

"मी फोन करते धाकट्यांना."

केला. वाजत राहिला. मोपेडवर असताना ते उचलत नसत, आणि निघायची वेळ झालीच होती.

"मग दार उघडंच ठेवू," काकू म्हणाल्या. "भिंतीवरचं बटण चालतं की."

"उघडं दार गाईसही दिसतं," अण्णा म्हणाले. "त्यास दिसायला हवं की त्यानं दाबलं म्हणून उघडलं. नाहीतर तो म्हणेल, अण्णानं माझं नाव काढून टाकलं, आणि तसाच बंगळूरला जाईल." एवढं बोलून त्यांनी उपरणं कमरेला बांधलं आणि शिडीकडे बघितलं. "तो दिवा लागला असताना बाहेरून दाबलं तर मोटर ओळखते काय गे?"

मला कल्पना सुचायला हवी होती ती त्यांना सुचली. दाराची जाडी रिमोटला आडवी येत नाही. रोज गल्लीतून तर उघडायचं ते. "ओळखेल," मी म्हटलं. "पण दिवा जळतोय तेवढ्यातच."

"मग धर शिडी."

आणि आमची नाकेबंदी सुरू झाली. अण्णा शिडीच्या टोकावर, बोट बटणाशी. मी खाली, दोन्ही हातांनी शिडी धरून. काकू दाराला कान लावून, पायाखाली तांदूळ. उकाडा असा की अण्णांच्या कोपरावरून घाम थेट माझ्या कपाळावर.

"आला," काकू कुजबुजल्या. अण्णांनी बटण दाबलं, दिवा लागला. मोपेड पुढे निघून गेली. दिवा विझला.

"दूधवाला," काकू म्हणाल्या.

"तुज दिराची मोपेड ओळखू येत नाही?"

"तुम्हांस ओळखू येते तर तुम्ही कां नाही ऐकलीत?"

"मी वर अहे."

हे चाललं असतानाच दुसरी मोपेड गल्लीत शिरली आणि आमच्या भांडणात ती कुणाच्याच लक्षात आली नाही. ती दारासमोरून पुढे गेली. मग तिचा आवाज बदलला. मंदावला. वळला. परत आला आणि दाराबाहेर येऊन थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

 धाकट्यांनी जाताना दाबलं होतं. काही झालं नव्हतं. म्हणून ते परत आले होते.

अण्णांनी बटण दाबलं. दिवा लागला. बाहेर शांतता. मग रिमोट तळहातावर आपटल्याचा आवाज, एकदा, दोनदा. पण बटण दाबलं गेलं नाही, आणि दिवा विझला. अण्णांनी पुन्हा लावला. बाहेर एक लांब सुस्कारा ऐकू आला. मोपेडला किक बसली. इंजिन सुरू झालं. आणि त्याच क्षणी, जाताजाता, शेवटचं म्हणून त्यांनी बटण दाबलं असावं, कारण छताजवळचा तो इवलासा दिवा लुकलुकला.

"ओळखलं," मी पुटपुटले. "पण दार उघडायला आता आणखी एकदा दाबायला हवं."

ते बाहेरच्याला कुठून माहीत असणार. मोपेड हलली. दगडावरून चाक गेल्याचा आवाज आला. माझ्या डोक्यावर शिडी थरथरायला लागली, म्हणजे तिच्यावरचा माणूस. मी वर पाहिलं. अण्णांचा चेहरा लाल, गळ्याच्या शिरा ताठलेल्या. मग त्या माणसानं, ज्याची जीभ दोन वर्षं उचलत नव्हती, बंद दाराकडे तोंड करून असा आवाज लावला की भजनात कधी लावला नसेल.

"अरे, अजून एकदा दाब."

मराठीत. गल्लीला.

मोपेड बंद झाली.  काकूंनी दारावरचा कान काढला आणि पदर तोंडाशी धरला. मग वर साखळी कडकडली, घरघर सुरू झाली आणि दार जमिनीपासून सुटलं. आधी उन्हाची पट्टी आत आली, मग मोपेडचं चाक, मग धुळीनं भरलेल्या चपला, धोतराचा जरीकाठ, आणि हातात रिमोट धरलेले धाकटे. त्यांनी सांडलेले तांदूळ पाहिले. वहिनींना पाहिलं. मला पाहिलं. मग मान वर करून मोठ्या भावाला पाहिलं, जो इस्त्रीच्या सदऱ्यात, घामानं निथळत, छताला चिकटलेला होता.

 अण्णांना एकादशीचं आमंत्रण द्यायचं होतं, ते बहुधा त्या एका ओरडण्यात संपलं होतं.

धाकट्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. तांदूळ चुकवत चुकवत गाडीच्या बाजूनं आत आले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"या वयात हे काय अहे, अण्णा," ते म्हणाले. "उतर. मी धरतो शिडी."

मी शिडी सोडली. त्यांनी धरली, दोन्ही हातांनी, घट्ट.

अण्णांनी खाली बघितलं. मग ते पुन्हा मोटरीकडे वळले आणि उपरण्याच्या टोकानं तिच्यावरची धूळ झाडायला लागले. तिच्यावर धूळ नव्हती. पण ते एकेक कोपरा झाडत राहिले, अगदी सावकाश, आणि खाली धाकटे शिडी धरून उभे.